अण्णांनी पास केलेला मॅनेजर

मल्लेश्वरममधली ती वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, पगार, लग्न यांपैकी काही म्हणजे काही विचारलं नाही. मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "यात खोट काय आहे ते सांगा."

मी बावचळून इकडेतिकडे बघितलं. खिडकी आत उघडत होती आणि उघडली की कपाटाच्या दाराला अडत होती. मी तसं चाचरत सांगितलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "उद्यापासून राहायला या. तुमच्याआधी आले त्या सगळ्यांनी खोली फार छान आहे म्हणून सांगितलं. ज्याला खोट दिसत नाही त्याच्या ताब्यात घर कसं देऊ?"

खिडकी मात्र त्यांनी मी राहत होते तोवर दुरुस्त केली नाही. पुढचा भाडेकरू पारखायला ती लागणार होती.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणायला लागले. मूळची दोघं बेळगावकडची, पण ऐन तरुणपणी अण्णांच्या नोकरीपायी बंगळूरला आली ती इथलीच झाली. अण्णांची एक सोय फार गमतीची होती. देवाशी ते संस्कृतात बोलायचे, रिक्षावाल्याशी आणि जनावरांशी कन्नडमध्ये, आणि अक्कांशी वाद घालायचा असला की बेळगावी मराठीत. माझ्याशीही ते मराठीतच बोलायचे, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक वेळा वादाच्या चालीवरच जायचं. मला ते शेवटपर्यंत "पुणेकर" म्हणत आले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

त्यांचं सगळं आयुष्य एका सरकारी कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेलं होतं. तयार झालेला भाग टेबलावर आला की मापायचा, बरोबर असेल तर त्याच्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचा एक ठिपका द्यायचा, नसेल तर परत धाडायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण ठिपका सुटला नाही. पेंटची छोटी डबी आणि बारीक ब्रश व्हरांड्यातल्या कोनाड्यात कायम तयार असायचा. गॅसचा सिलिंडर आला की अण्णा त्याची गळती तपासून ठिपका देत. माझ्या सायकलला ब्रेक तपासून ठिपका. अक्कांच्या कुकरला नवी शिट्टी बसवली, ठिपका. घरात ठिपका नव्हता तो फक्त अक्कांवर, आणि अक्कांनीही अण्णांना कधी पास केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

"टॉलरन्समध्ये आहे," म्हणजे माप चालण्याइतकं बरोबर आहे, हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक. भाजी, सरकार, पाऊस, जावई, सगळं टॉलरन्समध्ये असायचं. आणि काही बिघडलं की म्हणायचे, "रिजेक्ट म्हणायची गडबड करायची नसते, पुणेकर. जगात रिजेक्ट माल फार थोडा असतोय. बाकी सगळा रीवर्क, दुरुस्त केला की चालतोय." एका वर्षी ऑफिसात माझ्या कामाला अगदी खालची श्रेणी मिळाली होती आणि मी बेळ्ळंदूरच्या त्या ऑफिसातून तोंड पाडून परत आले होते. अण्णांनी काय झालं ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि तेवढा एकच शब्द उच्चारला, "रीवर्क." मला हसू आलं आणि मग रडूही आलं. अक्कांनी आतून तूप-मेतकूट-भात आणून दिला.

त्याच सुमाराला मॅनेजर आला.

तो खरं तर त्यांच्या मुलीचा कुत्रा. लांबलचक अंग, बोटभर पाय, जमिनीला टेकलेले कान, चॉकलेटी रंग, डॅशहाउंड जातीचा. मुलगी बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहायची. तिचं बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं आणि कुत्रा फ्लॅटभर मनाला येईल तिथे घाण करत होता. खाली न्यावा तर लिफ्ट येईपर्यंत त्याला दम निघायचा नाही, आणि पाऊस असला तर ओल्या गवताला पोट लागतं म्हणून तो पाऊल उचलायचा नाही. तसाच वर येऊन दिवाणखान्यात कार्यभाग उरकायचा. त्याला ट्रेमध्ये बसायला शिकवायला हवं होतं. मुलीने सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी एका रविवारी कुत्रा, ट्रे आणि खाऊची पिशवी अण्णांच्या व्हरांड्यात आणून ठेवली.

"अण्णा, हा ट्रे शिकला तरच मला घरी ठेवता येईल हो. नाहीतर मारतहळ्ळीला एक जण घ्यायला तयार आहेत, त्यांना देऊन टाकावा लागेल," असं म्हणता म्हणता ती त्याचे कान कुरवाळत राहिली. बाळाच्या आधीपासून तो तिच्याकडे होता.

अण्णा वाकून कुत्र्याकडे बघत होते. कुत्रा अण्णांकडे बघतच नव्हता.

"रीवर्क," अण्णा म्हणाले.

मुलीने त्याचं नाव कुकी ठेवलं होतं. मल्लेश्वरमच्या गल्लीत उभं राहून कुकी म्हणून हाका मारणं अण्णांना शक्य नव्हतं. त्यांनी दोन दिवस त्याची चाल बघितली आणि नाव बदललं. "आमचा एक मॅनेजर होता, अगदी असाच. कामाची जागा सोडून सगळीकडे असायचा."

आता हा प्रकार कुणी हलक्यात घेईल, पण डॅशहाउंड नावाचं जनावर मी जवळून पाहिलेलं आहे. त्याला कळत नाही असं नाही. त्याला सगळं कळतं, फक्त पटत नाही. ट्रेमध्ये घालायला कागदाच्या गोळ्या होत्या, त्या त्याने खाल्ल्या. वर्तमानपत्र घातलं, तर ते ओढत नेऊन त्याच्यावर झोपला. हिरवळीसारखी चटई आणली, तीवर ऊन खात पडून राहिला. ट्रेमध्ये उभा केला तर पुढचे पाय आत ठेवून मागचं अंग बाहेर काढायचा आणि जे करायचं ते बाहेर करायचा. त्याच्या लांबीला तो ट्रे पुरतच नाही, हे अण्णांनी पट्टी लावून सिद्ध केलं. मग नर्सरीतून रोपांचा लांबलचक निळा ट्रे आणला आणि आखूड पायांना चढायला सोपं म्हणून एका बाजूची कड करवतीने कापून, घासून गुळगुळीत केली.

मुलीने सांगितलेला इंग्रजी हुकूम व्हरांड्यात मोठ्याने म्हणायची अण्णांना लाज वाटायची. ते ट्रेपाशी उभे राहून कन्नडमध्ये आर्जव करायचे, "माडप्पा, स्वल्प माडप्पा." कर बाबा, थोडंसं तरी कर. आणि हे म्हणताना कुत्र्याकडे पाठ करायचे. "इन्स्पेक्टर डोक्यावर उभा राहिला की कामगाराचा हात थांबतोय," असं मला समजावून सांगितलं. सकाळी दूध आणायला जाताना मला रोज हेच दृश्य दिसायचं: भिंतीकडे तोंड करून विनवण्या करणारे अण्णा, आणि त्यांच्यामागे केव्हाच पसार झालेला मॅनेजर.

पसार होऊन तो जायचा कुठे? तर अक्कांच्या रांगोळीवर. अक्का रोज सकाळी दारापुढची फरशी धुऊन, पुसून, सुकवून रांगोळी काढायच्या. मॅनेजर पायरीवर बसून शेवटची रेघ पूर्ण होईपर्यंत शांतपणे बघायचा. अक्का कंबर धरून उठल्या की हा उतरायचा, रांगोळीच्या बरोबर मध्यावर जायचा आणि कार्यभाग उरकायला बसायचा.

"मेल्या!" अक्कांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "अहो, न्या हो याला! माझ्या दारातली लक्ष्मी घालवायलाय हा!"

मग एकदा अक्कांना ताप आला. त्या सकाळी दारात रांगोळी पडली नाही. मॅनेजर पायरीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. ऊन वर आलं. तो कुंईकुंई करायचा, रिकाम्या फरशीकडे बघायचा, अण्णांकडे बघायचा. ट्रेमध्ये जाईना, कोपऱ्यात जाईना. मी घरूनच काम करत होते, तीही खाली येऊन बसले. अण्णा बराच वेळ गालावर हात ठेवून उभे होते. मग आत जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आले आणि चिमटीतून फरशीवर एक सरळ रेघ ओढली. मॅनेजर धावत गेला आणि त्या रेघेवर बसून मोकळा झाला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. कारखान्यातलं मोठं यंत्र पहिल्यांदा सुरू झाल्यावर त्यांचा चेहरा असाच होत असेल.

"पुणेकर, माल चांगला आहे. ड्रॉइंगच चुकीचं दिलं होतं आपण."

ट्रेमध्ये रांगोळी काढायची, हा त्यांचा निर्णय ऐकून अक्का तापातसुद्धा उठून बसल्या. देवाच्या दारातली वस्तू कुत्र्याच्या मोरीत? त्या दिवशी झालेला वाद मी जिन्यात बसून संपूर्ण ऐकला. शेवटी तह झाला. डबा वेगळा ठेवायचा. कमळ काढायचं नाही, पावलं नाहीत, स्वस्तिक नाही, दिवा नाही, कोयरी नाही.

"मग काढू काय?"

"तुमचं काय ते लोखंड काढा."

आणि अण्णांनी लोखंड काढलं. ट्रेच्या तळाला कागदाचा जाड थर, त्यावर सपाट पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर रोज सकाळी, अक्का उठायच्या आधी, रांगोळीने काढलेलं एक यंत्राचं चित्र. सोमवारी नट-बोल्ट, समोरून आणि वरून. मंगळवारी दातेरी चाक. कधी झडप, कधी स्प्रिंग, कधी गोळ्यांचं बेअरिंग. रेघा अशा की मापून घ्याव्यात. वर्तुळासाठी दोऱ्याला खिळा बांधलेला. मॅनेजर शेजारी बसून सगळं बघायचा आणि अण्णांनी हात झटकले की आत शिरायचा. अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. त्याला बेअरिंग सगळ्यात जास्त आवडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. असं आधीच मोकळं झाल्यामुळे तो नंतर अक्कांच्या रांगोळीकडे ढुंकूनही बघत नसे.

काही दिवसांनी एक नवीनच गोष्ट माझ्या लक्षात आली. अक्का हात पुसत पुसत मागे येऊन उभ्या राहायच्या आणि ट्रेमध्ये डोकावून म्हणायच्या, "ती डावीकडची रेघ जाड आलीय." किंवा, "चिमूट सैल धरता तुम्ही." मेल्या म्हणणं चालूच होतं, पण मेल्यासाठी जुन्या शालीची गादी शिवली गेली होती आणि मेल्यासाठी बिनमिठाचा भात वेगळा शिजत होता. संध्याकाळी मॅनेजर अक्कांच्या पायांवर पाय पसरून झोपायचा आणि अक्का पाय आखडले तरी हलायच्या नाहीत.

दर रविवारी मुलीचा फोन यायचा. "अण्णा, शिकला का?"

"ट्रायल चालू आहेत."

आणि होत्याच. अण्णा खोटं बोलत नव्हते. पावसात ट्रायल घेतली. पाहुणे बसलेले असताना घेतली. दिवाळीत फटाके वाजत असताना घेतली. ट्रे मागच्या अंगणात, गच्चीवर, माझ्या खोलीत नेऊन घेतली. मॅनेजर प्रत्येक ठिकाणी बेअरिंग बघून बसला. माझं पोटापाण्याचं कामच सॉफ्टवेअर तपासायचं. संक्रांतीनंतर एका सकाळी न राहवून मी म्हणाले, "अण्णा, आमच्याकडे याला जास्तीचं टेस्टिंग म्हणतात. हा कधीचाच पास झालाय."

अण्णांनी रांगोळीच्या डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग म्हणाले, "माल द्यायची वेळ आली की मला कधी काही वाटलं नाही हो. इथून तिथे गेला, संपलं." आणि मॅनेजरच्या कानामागे खाजवत बसले. तेव्हा मला कळलं की या माणसाला कुत्रा द्यायचा नाहीये, आणि खोटा रिपोर्ट तर याला मरेस्तोवर देता येणार नाहीये. मला फार वाईट वाटलं. एकदा खोटं बोलून टाका हो, असं ओठावर आलं होतं. पण ज्याने सगळा जन्म ठिपक्यावर काढला त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या रविवारी फोनवर मुलगी रडली. बाळ कुत्र्याचा फोटो दाखवून भू-भू म्हणायला लागलं होतं आणि घरात भू-भू नव्हता. अण्णा ऐकत राहिले आणि म्हणाले, "ये घेऊन जायला. झालाय पास."

फोन ठेवून त्यांनी कोनाड्यातली डबी घेतली, ब्रश बुडवला आणि निळ्या ट्रेच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका दिला. हात स्थिर होता. ठिपका वाळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

न्यायला आलेल्या मुलीला त्यांनी काहीही राखून न ठेवता सगळं समजावलं. "रोज सकाळी आधी ट्रेमध्ये रांगोळी. मग तुझं बाकीचं काम. रांगोळी दिसली की हा बसतो, हे लक्षात ठेव." तिला हसू आवरेना, पण शिकली बिचारी. दोन-चार रेघा ओढून बघितल्या, मॅनेजरने त्याही चालवून घेतल्या. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून फक्त दोन कान दिसत होते. अण्णा आत गेले आणि त्या दिवशी त्यांनी कशालाच टॉलरन्समध्ये आहे म्हटलं नाही.

घर ओकंबोकं झालं. अण्णा सवयीने पहाटे उठायचे आणि व्हरांड्यात नुसतेच बसायचे. मी अक्कांना म्हणाले, "ती शालीची गादी आणि ताटली माळ्यावर टाकू का? अण्णांना सारखं दिसतं."

अक्का शेंगा सोलत होत्या. "असू दे गं. पाडव्यापर्यंत असू दे."

पाडव्याला घर आवरायचं असेल, असं मला वाटलं.

पाडव्याच्या सकाळी अण्णांनी गुढी उभारली. अक्कांनी दारात फरशीभर रांगोळी घातली. मी पुरणाच्या वासाने खाली येऊन बसले होते. तेवढ्यात गेटपाशी गाडी थांबली. मुलगी उतरली, केस विस्कटलेले, एका काखेत बाळ, दुसऱ्या काखेत मॅनेजर. नवरा मागून निळा ट्रे घेऊन येत होता.

मॅनेजर खाली उतरला, अक्कांच्या रांगोळीला वळसा घालून आला आणि अण्णांच्या पायांवर अंग टाकून दिलं. त्याच्याकडे आता शिल्लकच काही नव्हतं, ते पुढे कळलं.

"काय सांगू अण्णा," मुलगी पायरीवर बसत म्हणाली. "सणाची गडबड, मी ट्रेमध्ये रांगोळी काढायची विसरले. आमच्या मजल्यावर प्रत्येकाच्या दारात युगादीची रांगोळी. आम्ही दार उघडलं तर हा बाहेर. एकीच्याही दारातली सोडली नाही! त्याला धरून लिफ्टने खाली नेलं, तर खाली रांगोळीची स्पर्धा! मधोमध मोर काढला होता, सेक्रेटरींच्या बायकोने, पहाटेपासून बसून. हा हातातून निसटला आणि मोरावर—" पुढे तिला सांगवेना. ती रडत होती की हसत होती, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. "आता दर सणाला हेच होणार. तिथे नाही ठेवता यायचा त्याला. मारतहळ्ळीला द्यायला माझा जीव होत नाही. आम्ही रविवारी येत जाऊ, पण तुम्हीच ठेवा ना."

अण्णा उभे होते. "आयुष्यात पहिल्यांदा माझा माल परत आला," ते म्हणाले. हे बोलताना चेहरा पाडायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण तो पडेना. "दारोदारी रांगोळ्या असतील ही ट्रायलच घेतली नाही मी. माझी चूक."

तोवर अक्का आतून आल्या. त्यांच्या हातात मॅनेजरची ताटली होती. बिनमिठाचा भात त्यात आधीच कालवलेला होता, कोमटसुद्धा झाला होता.

अण्णांनी ताटलीकडे बघितलं, मग अक्कांकडे.

"तुला माहीत होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" अक्का ताटली खाली ठेवत म्हणाल्या. "इन्स्पेक्शन तुमच्याकडं होतं."

अण्णांनी जावयाच्या हातातून ट्रे घेतला, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला आणि कोपऱ्यावरचा पांढरा ठिपका अंगठ्याच्या नखाने खरवडायला लागले. पेंट पक्का बसला होता, निघता निघेना. मॅनेजर भात खात होता आणि बाळ त्याची शेपटी धरून भू-भू म्हणत होतं. शेवटी ठिपका निघाला. अण्णांनी फुंकर मारली.

"रीवर्क," ते म्हणाले.

"सावकाश होऊ दे," अक्का म्हणाल्या. "गडबड काही नाही."